यमाचा की राधिका

सर, टक्, टाऽक् टाऽक्. एक हलका ठोका, दोन जड. तुमचा डस्टर टेबलावर पडायचा तो असा, आणि प्रत्येक ठोक्याला खडूचा धुरळा उडून पहिल्या बाकावरच्या तेल लावलेल्या डोक्यांवर बसायचा. साठ वर्षं होऊन गेली. माझे कान आता कामातून गेले आहेत. डाव्या कानात मशीन घालतो, उजव्या बाजूनं कोणी बोललं तर नुसती मान डोलावतो आणि मग भलत्याच गोष्टीला हो म्हटल्याचं जेवताना कळतं. पण तो डस्टर मात्र अजून स्वच्छ ऐकू येतो. खरं सांगू, मला त्याचा वैताग आला आहे. माणसानं गेल्यावर तरी थोडं गप्प बसावं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि तुमचं आमचं ते एका तासाचं भांडण अजून मिटलेलं नाही. आता तर त्यात माझ्या घरातली माणसंही शिरली आहेत, म्हणून हे लिहायला बसलो. टाकायचं नाही, हे मलाही कळतं. या पत्त्यावरचं पत्र घेऊन गेलो तर पोस्टातला पोरगा मला हाताला धरून दवाखान्यात पोचवील.

घरातल्यांचं आधी सांगतो. आमच्याकडे सगळ्यांना आगगाडी लागली आहे. गोवर लागावा तशी, प्रत्येकाला वेगळ्या वयात. लहानपणी आला तर सोपा जातो, मोठेपणी आला तर माणसाला आडवं करतो. माझ्या बायकोला अडुसष्टाव्या वर्षी आला. जन्मभर जिला गाडीत बसलं की मळमळायचं, जी माहेरी जळगावला जाताना लिंबू हुंगत आणि डोळे मिटून बसायची, ती आता सकाळपासून मोबाईल घेऊन कुठली गाडी कुठवर आली ते बघते. मी पूजेला बसलेलो असतो आणि स्वयंपाकघरातून जाहीर होतं, “भुसावळ सोडली बरं का. वीस मिनिटं लेट.”

“कोण येतंय?”

“कोणी नाही.”

“मग?”

“मग काय? सोडली ना. रावेरला उभी राहील आता.”

सून इंदूरची. तिला तिशीत लागली, आणि त्याचं खापर ती पोरीवर फोडते. नात दीड वर्षाची असताना गाडी दाखवल्याशिवाय घास घ्यायची नाही. आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या गच्चीवरून रूळ दिसतात. एक घास, एक डबा. लांब मालगाडी आली की वाटीभर वरणभात संपायचा. पोर पुढं आपल्या हातानं जेवायला शिकली. आई मात्र अजून गच्चीत उभी राहून डबे मोजते आणि खाली येऊन म्हणते, “बाबा, आज अट्ठावन्न थे. दूध उतू गेलं का?” दूध गेलेलं असतंच. नात आता नऊ वर्षांची आहे. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे, कारण सगळा घोळ तिनं केला आहे.

आणि तुम्हाला कितव्या वर्षी लागली, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, तुम्ही जन्मलात तेच हातात छत्री घेऊन फाटकापाशी.

तो तास आठवा. सहावीचा वर्ग, खिडकीबाहेर निंब, आणि हवा स्वच्छ असली की त्याच्या फांद्यांमधून पार लांबवर असीरगडाची निळी रेघ. मी ती रेघ बघत बसायचो आणि तुम्ही म्हणायचात, “किल्लेदार, उतरा खाली.” त्या दिवशी तुम्ही फळ्यावर गण लिहिले होते. यमाचा, मानावा, ताराप, राधिका, अशी आठ. ऱ्हस्व अक्षर ल, दीर्घ अक्षर गा. यमाचा म्हणजे लगागा, राधिका म्हणजे गालगा. आम्हा पोरांना त्यात काही रस नव्हता, मला होता. मला कवितेचं वेड होतं, अर्थ कळायच्या आधी चाल कळायची, आणि पाठ्यपुस्तकातली कविता मी घरी जाताना पावलांवर म्हणायचो. डबक्यात पाय पडला की तिथं यती. तुम्ही डस्टर उचललात आणि विचारलंत, “सकाळची पॅसेंजर फाटकावरून जाते तेव्हा काय म्हणते?”

बहादरपूरहून एक केळीवाल्याचा मुलगा यायचा, तो उठला. “सर, शिट्टी मारते.”

“शिट्टी इंजिन मारतं, आणि तू मारतोस. बस खाली. चाकं काय म्हणतात?” मग तुम्ही वाजवून दाखवलंत. टक् टाऽक् टाऽक्, टक् टाऽक् टाऽक्. “यमाचा यमाचा यमाचा यमाचा. यालाच भुजंगप्रयात म्हणतात. परीक्षेत विसरलात तर फाटकावर जाऊन उभे राहा, गाडी सांगेल.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी हात वर केला. का केला ते आजही सांगता येत नाही. मी त्याच दिवाळीत आईबरोबर खंडव्याला आजोळी जाऊन आलो होतो. जाताना तिच्या मांडीवर झोपलो होतो, आणि चांदणी स्टेशनाच्या पुढं कुठंतरी, जंगलात, जाग आली तेव्हा डोळे उघडायच्या आधी तो आवाज कानात होता. गाडी तेव्हा काय म्हणत होती ते मला माहीत होतं. वर्गात फक्त त्याला नाव मिळालं होतं. मी म्हणालो, “सर, माझ्या कानाला राधिका ऐकू येतं.”

“काय?”

“राधिका राधिका राधिका.”

“कोणची राधिका रे भो?” मागून बहादरपूरवाला म्हणाला आणि वर्ग फुटला.

तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी शिवी दिली आहे. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “गाडी यमाचा म्हणते. पुन्हा ऐक.” पुन्हा डस्टर वाजवलात. मी पुन्हा ऐकलं आणि पुन्हा म्हणालो, राधिका. मग तुम्ही मला कान धरून व्हरांड्यात उभं केलंत. यमाचा ऐकू आल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणालात. मी दोन तास उभा होतो. मधे एक मालगाडी गेली. मी निंबाकडे तोंड करून जीव कानात आणून ऐकलं. माझी फार इच्छा होती, सर, की तिनं यमाचा म्हणावं. ती राधिकाच म्हणाली.

आणि याच तुम्ही श्रुतलेखनाच्या तासाला काय सांगायचात? “डोकं चालवू नका. कानावर पडेल ते लिहा.” मी दुसरं काय केलं होतं?

स्नेहसंमेलनातलं कवितेचं पाठांतर तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत आणि ज्याला श आणि स कळत नव्हता त्या मुलाला दिलंत. ते मी गिळलं. पोरं आठ दिवस मला राधिका म्हणत होती, तेही गिळलं. नवव्या दिवशी तुम्ही बहादरपूरवाल्याचा कान पिळून सांगितलंत, “गणांची थट्टा माझ्या वर्गात चालणार नाही,” आणि ते नाव त्या दिवशी मेलं. नंतर ते कोणी घेतलं नाही. मीही नाही. लग्न झाल्यावर एकदा ओठावर आलं होतं, पण नव्या बायकोला ही राधिका कोण हे वृत्तांपासून समजावत बसायची छाती झाली नाही. त्या नवव्या दिवशीच्या संध्याकाळी शाळेच्या कुंपणापाशी तुम्ही माझ्या हातात पानावर दराबा ठेवलात. इतवाऱ्यातल्या मिठाईच्या दुकानातला, तुपानं पान पारदर्शक झालेलं. “घे,” एवढंच म्हणालात आणि चालू पडलात. मी तो तिथल्या शेळीला घातला. तिनं पानही सोडलं नाही. तुम्ही वळून पाहिलं असेल तर पाहिलं असेल, मला तेव्हा तेच हवं होतं.

कविता मी सोडली. म्हणजे वाचायची नाही, करायची सोडली. वही होती एक, ती कुठं गेली माहीत नाही. तुमच्यामुळं सोडली असं मी पुढची पन्नास वर्षं सांगत आलो. बायकोला, मुलाला, मिलमधल्या लोकांना. कारण सांगायला बरं वाटतं. कवी न होण्याला एक तरी चांगलं कारण हवंच, आणि तुम्ही आयते होतात.

बाविसाव्या वर्षी मी कागदाच्या मिलमधे ऑफिसात लागलो आणि माझं अपडाऊन सुरू झालं. सकाळची खंडव्याकडची पॅसेंजर, डावीकडची खिडकी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही दिसलात. स्टेशन सोडून गाडी जरा वेग घेते तिथल्या फाटकापाशी, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. थंडीचे दिवस होते, आभाळात ढग म्हणून नव्हता. तुमच्या शेजारी तुमची मुलगी होती. आमच्या पुढं दोन वर्षं असलेली, कन्या शाळेतली, तेव्हा लग्नाची झालेली. इंजिन पुढं गेलं, माझा डबा आला, आणि तुम्ही छत्री वर केलीत. मी झटकन आत सरकलो आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला.

पहिल्यांदा राग म्हणून धरला, हे कबूल. दहा वर्षं झाली तरी हा माणूस गाडीला डस्टर वाजवतोय, असं मनात आलं. संध्याकाळी घरी आलो ते रागातच. आई चुलीपुढं कळण्याच्या भाकरी थापत होती. मी म्हणालो, “तुमच्या माट्साबला दुसरा उद्योग नाही. रोज जाऊन गाडीला छत्री दाखवतो.”

आईचा हात थांबला. “कायले रे त्याच्यावर डूख धरतो?”

“मी कुठं धरतो?”

“मंग असा कायले बोलतो? त्याची बायको गेली ना त्या गाडीनं.”

बाई वारल्या, एवढं आम्हाला शाळेत असताना कळलं होतं, एक दिवस शाळा लवकर सुटली होती. गाडीचं कोणी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं. बाईंना खंडव्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब येणार होते, म्हणून त्यांचा भाऊ घेऊन गेला. “हा म्हणाला, मी फाटकावर उभा राहतो, तू खिडकीतून हात काढ. तिनं काढला. यानं छत्री वर केली. बस, तेवढंच. ती आलीच नाही मंग.” आईनं भाकरी तव्यावर टाकली. “तूच सांग, तिनं जाताना काय ऐकलं असंल त्या गाडीत?”

मी हिशेब लावला. तो तास त्याच वर्षीचा. तुम्ही वर्गात डस्टर वाजवून यमाचा यमाचा म्हणत होता तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, आणि तुम्हाला त्या गाडीत खरोखरचा यम ऐकू येत होता. आणि एक पोरगा उठून म्हणाला, राधिका.

पण सर, तुम्ही सांगायला हवं होतं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला नसतं कळत. एवढं म्हणाला असतात, की बाबा रे, मला एक ऐकू येतं आणि तुला एक, तर मी काय तिथं वाद घालत बसलो असतो? घातलाही असता कदाचित. पण मग दराबा शेळीला घातला नसता.

त्यानंतर मला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. आधी रागानं पेपर धरत होतो, आता शरमेनं धरायला लागलो. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही फरक दिसत नसेल. मनाशी म्हणायचो, हे नवराबायकोचं आहे, आपलं डोकं मधे कशाला. खिडकी त्यांची आहे, हात त्यांचा आहे, आपण आपल्या बातम्या वाचाव्या. फाटक आलं की मशीन चालू व्हावं तसा माझा पेपर वर जायचा. पानावर काय छापलं आहे ते एकदाही वाचलं नाही. तुमची मुलगी लग्न होऊन भुसावळला गेली, तुम्ही एकटे उभे राहायला लागलात, सदऱ्यावर स्वेटर आला, मग काठी आली, पण छत्रीही होती. अकरा वर्षं. संध्याकाळी परत आलो की तुमचं घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर होतं. मी दर शनिवारी ठरवायचो की जाऊ. तुम्ही म्हणायचात तसं, भविष्यकाळ हा माझा आवडता काळ.

एक दिवस फाटकावर तुम्ही नव्हतात. दुसऱ्या दिवशीही नव्हतात. तिसऱ्या दिवशी कळलं.

आता हे जे घडलं आहे ते ऐका. रूळ आता सलग जोडून टाकले आहेत, गाडी नुसती सूं करून जाते, तिला काही म्हणायचंच नसतं. नातीला एकदा बोलता बोलता मी सांगून बसलो की आमच्या वेळी गाड्या वृत्तात धावायच्या. तेव्हापासून तिनं जीव खाल्ला. “कौनसे वृत्त में, आजोबा?” शेवटी सांगितलं, की माझे सर म्हणायचे लगागा आणि मी म्हणायचो गालगा. ते दोन शब्द नाही सांगितले, फक्त ल आणि गा. झालं. तिनं आईला पटवलं, दोघी स्कूटीवर बसून स्टेशनामागच्या जुन्या सायडिंगवर गेल्या, तिथं रुळांना अजून सांधे आहेत, आणि एका रखडत जाणाऱ्या मालगाडीचा आवाज मोबाईलमधे भरून आणला. मी मशीन कानात घट्ट बसवून तीनदा ऐकला. राधिका. मला इतका आनंद झाला की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पण पोर तेवढ्यावर थांबेल तर ना. गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांचा मोबाईलवर कसलासा अड्डा आहे, तिथं तिनं तो आवाज टाकला आणि खाली विचारलं, ही गाडी काय बोलते आहे? लोकांनी काय काय लिहिलं. कोणी लिहिलं छुक छुक, कोणी लिहिलं गरम चाय. आणि गेल्या आठवड्यात कोणीतरी, ज्याच्या नावाच्या जागी नुसतं गुलाबाचं फूल आहे, लिहिलं, “ही बऱ्हाणपूरची दिसते. यमाचा म्हणते आहे.”

सर, मी कप खाली ठेवला आणि ते पुन्हा वाचलं. गाडी यमाचा म्हणते, हे जगात कोणाला माहीत आहे? त्या वर्गातले आता चारसहा उरले असतील. मी नातीला विचारलं, तू काही उत्तर दिलंस का? दिलं होतं. “मेरे आजोबा को कुछ और सुनाई देता है, पर बताते नहीं.” मग फुलानं विचारलं, आजोबा मिलला जायचे का? ही म्हणाली, हो. फुलानं विचारलं, राहता कुठं? हिनं पत्ता दिला. लालबाग, पाण्याच्या टाकीजवळ, पिवळं फाटक. भेटायला येणं होईल, असं फुलानं कळवलं.

“अनोळखी माणसाला घराचा पत्ता देतात?” मी ओरडलो.

“अनोळखी नाही आहे ना. त्याला ट्रेन आवडते.”

बायको तिच्याच बाजूनं. सून म्हणाली, “जाऊ द्या बाबा, कोणी बुजुर्ग असतील, शाळेतले.” मला तर खात्री आहे की तो बहादरपूरवाला आहे. तो आहे अजून, नातवंडांच्या मोबाईलवर केळीच्या बागांचे फोटो टाकत असतो. आता तो येणार, ढेकर देत बसणार आणि माझ्या सुनेसमोर विचारणार, कोणची राधिका रे भो.

मी रागावलो म्हणून नात दोन दिवस बोलली नाही. काल तिनं आपल्या खेळण्यातली गाडी काढली, जमिनीवर गोल रूळ मांडले आणि इंजिन बाजूला ठेवून नुसते डबे जोडत गेली. एक छोटा, दोन मोठे. एक छोटा, दोन मोठे. शेवटचा डबा पहिल्याला जोडला आणि मला खाली बसवलं. गुडघे दुखतात म्हटलं तरी बसवलं.

“हा छोटा म्हणजे ल. हे मोठे म्हणजे गा. बरोबर?”

“बरोबर.”

“आता सांगा, पहिला डबा कौनसा?”

मी बोट ठेवून मोजायला लागलो. छोट्यापासून मोजलं तर लगागा, लगागा. पहिला मोठा सोडून दुसऱ्या मोठ्यापासून मोजलं तर गालगा, गालगा. तीच माळ. एक डबा इकडचा तिकडं झालेला नाही.

“सेम तर आहे, आजोबा. तुमचे सर स्टार्टिंगपासून बसले, तुम्ही बीच में से चढले. तुम्ही दोघं पण ना.”

एवढ्यासाठी, सर? दोन तास व्हरांड्यात, संमेलनातली कविता, शेळीचा दराबा, अकरा वर्षांचे पेपर, एवढ्यासाठी? तुम्ही फाटकावर उभे असायचात, तुमच्यासमोर इंजिन यायचं, म्हणून तुमची गाडी पहिल्या ठोक्यापासून सुरू व्हायची. मी मांडीवर झोपलेला, जागा झालो तो मधेच. तुम्ही वृत्तं शिकवत होता, तुम्हाला हे कळायला नको होतं? मला कळायला नको होतं? नऊ वर्षांची पोर प्लॅस्टिकचे डबे मांडून सांगते. काल रात्री जेवलो नाही नीट. बायकोला वाटलं कढी आंबट झाली.

आणि आता कळूनही मला अजून राधिकाच ऐकू येतं, हा वेगळा वैताग.

एक राहिलं. वर मी लिहिलं, तिसऱ्या दिवशी कळलं. तिथं मी पुढच्या ओळीवर उडी मारली, तुमच्या लक्षात आलं असेल, तुमच्या नजरेतून गाळलेला शब्द सुटायचा नाही. पहिल्या दिवशी फाटक रिकामं दिसलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहायचं राहिलं. मला हायसं वाटलं. मी पेपर खाली घेतला, खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि असीरगड मागे जाईपर्यंत बाहेर बघत गेलो. केळीच्या बागा फार सुंदर दिसत होत्या. अकरा वर्षांत मी त्या पाहिल्याच नव्हत्या. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

घंटा वाजली. आलाच वाटतं तो. सून दार उघडायला गेली आहे. मी उठत नाही. त्याला बसू दे पाच मिनिटं पंख्याखाली. मी लिहितो आहे, डोकं न चालवता, कानावर पडेल ते.

बाईमाणसाचा आवाज आहे. म्हातारा, पण खणखणीत. मला ओळखीचा नाही. ती विचारते आहे, “राधिका इथंच राहतो का?”

सून म्हणते, “राधिका? इथं त्या नावाची कोणी नाही, मावशी. बाजूला विचारून बघा.”

“नावाची नाही ग, नावाचा. मी भुसावळहून आले. माझे वडील इथं मास्तर होते. रोज सकाळी फाटकावरून घरी आले की चपला काढता काढता सांगायचे, आज राधिका गेला बरं का.”

सून खुर्ची पुढं ओढते आहे.

“मिलला जायचा. तोंड पेपरात खुपसून.”